अँटिऑक्सिडंटचा आकडा असा चढवा

अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींची नासधूस थोपवणारी द्रव्यं, आणि ती म्हणे ब्लूबेरीतच. तर पहिली गोष्ट, खानापूरकडनं आलेल्या मावशींच्या बुट्टीकडं बघायचं नाही. मे महिन्यात करवंदं, पाऊस लागला की जांभळं; द्रोणात मिळतात, म्हणजे अर्थातच निकामी. जांभळाचा आणि ब्लूबेरीचा रंग एकाच कुळातला, अँथोसायनिनचा, हे खरं. पण जांभळाला झाकणाची डबी आहे का? मग! 125 ग्रॅमची ब्लूबेरीची डबी आणा. पेरू देशातनं आलेली असली तर उत्तम. हातगाडीवरच्या आपल्या पेरूत 100 ग्रॅममागं क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास आणि ब्लूबेरीत जेमतेम 10, असली हिशेबी माणसं घरात असतील तर त्यांना बाजाराला पाठवू नका.

मग ओआरएसीचा, म्हणजे पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद सांगणारा, आकडा पाठ करा. तो काचेच्या नळीत मोजतात, पोटात नाही. अंगात काय होतं याच्याशी त्याचा संबंध लागत नाही म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2012 साली आपली त्या आकड्यांची यादीच काढून टाकली. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून आहे, काळजी नको.

खायची रीत सोपी. कुंद्यावर चार ब्लूबेरी ठेवा. दुधाबरोबर त्यातली द्रव्यं कमी शोषली जातात असं काही चाचण्यांत दिसलंय. कुंदा तर आटवलेलंच दूध, वर साखर. जॅम करायचा तर तासभर रटरटू द्या, उष्णतेनं अँथोसायनिन मोडतं. तसंही ते जसंच्या तसं रक्तात पोचतं ते शेकड्याला एखाद-दोन टक्के. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्याचे बारीक तुकडे करतात, काम करत असतील तर ते तुकडेच. पण तुकड्यांचं नाव डबीवर छापत नाहीत, तेव्हा सोडा.

आता रक्त तपासा, फळं खाल्ल्यावर तासाभरात. रक्तातल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आकडा चढलेला दिसेल! 2004 साली ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदं खायला घालून हेच बघितलं. चढ आला होता तो मुख्यतः युरिक अ‍ॅसिडचा. फळातल्या फ्रुक्टोजनं ते वाढतं, आणि रक्ताच्या एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेत मोठा वाटा त्याचाच असतो.

म्हणजे नुसता आकडाच पाहिजे असेल तर डबीपेक्षा सावजीचं मटण बरं पडेल, युरिक अ‍ॅसिड त्यानंही वाढतं. महिनाभर रस्सा ओरपा. युरिक अ‍ॅसिड साचून रात्री पायाचा अंगठा लाल होऊन ठणकायला लागला की समजा, अँटिऑक्सिडंट लागू पडलं.