मुका कीबोर्ड, बहिरं ॲप

हँग झालेल्या ॲपवर एंटर दाबून काही होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे दाबतात. आधी एकदा, सभ्यपणे. मग दोनदा. मग असा, की टेबलावरचं पेन घरंगळून खाली जावं. त्या दाबण्याचा उपयोग ॲपला नसतो, दाबणाऱ्याला असतो. निषेध नोंदवला जातो. माझाही नोंदवला जायचा, आणि चांगला दणदणीत नोंदवला जायचा, कारण तेव्हा माझ्याकडे निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड होता.

या व्यसनापासून जे दूर आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एकच चादर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग. स्विच रंगावरून ओळखायचे. चेरी एमएक्स या स्विचांच्या घराण्यात लाल म्हणजे निमूट खाली जाणारा, तपकिरी म्हणजे वाटेत किंचित अडखळणारा, आणि निळा म्हणजे अडखळून वर त्याची दवंडी पिटणारा. निळ्याला साधारण ६० ग्रॅमचा जोर लागतो. चार मिलिमीटरच्या प्रवासात निम्मी वाट ओलांडली की ‘टिक्’ आणि तळाला आपटला की ‘टॉक्’. नुसतं ‘बरं’ लिहिलं तरी काहीतरी भरीव लिहून झाल्यासारखं वाटतं.

हे सुख अर्थातच एकट्याचं असतं. एका ऑनलाइन मीटिंगमध्ये मी टिपणं काढत होतो, तेव्हा कुणीतरी काळजीने विचारलं, “तुमच्याकडे पाऊस लागलाय का?” आणि एका रात्री बायको दारात येऊन म्हणाली, “तू टाइप करतोयस की भिंत पाडतोयस?” मीटिंगवाल्यांना म्यूटचं बटण होतं. बायकोला नव्हतं.

तेव्हा कीबोर्ड गप्प करणं आलं. या कामात माणूस किती खोल उतरू शकतो याची बाहेरच्यांना कल्पना नसते. पहिला उपाय म्हणून प्रत्येक कीकॅपच्या, म्हणजे बटणाच्या टोपीच्या, आत रबराची बारीक कडी बसवली. त्याने बटण खाली आपटायचा आवाज कमी झाला. मग लक्षात आलं की बटण वर येतानाही आवाज करतं, आणि कडीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. शिवाय निळ्याची टिक् होतीच, ती तर स्विचच्या पोटातली. म्हणून सगळे निळे स्विच उपटले. माझा कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे, म्हणजे स्विच सोल्डर केलेले नसतात, चिमट्याने ओढून काढायचे आणि दुसरे खोचायचे. त्यांच्या जागी आणले सायलेंट. यांच्या दांड्याला वर-खाली दोन्हीकडे मऊ गाद्या असतात. त्या गाद्यांनी जागा खाल्ल्यामुळे बटणाचा प्रवासही चारवरून ३.७ मिलिमीटरवर येतो. कान सुखावतात. बोटांना मात्र चिखलात रुतल्यासारखं वाटतं. सायलेंटचे भक्त हे कधी कबूल करत नाहीत.

आणि सगळी बटणं गप्प झाली की मग स्पेसबार ऐकू येतो. तो लांब असल्यामुळे वाकडा दाबला जाऊ नये म्हणून त्याच्याखाली स्टॅबिलायझरची तार असते, आणि ती खुळखुळते. इतके दिवस बाकीच्यांच्या गलक्यात ती खपून गेली होती. तिला ग्रीस लावलं. मग शिफ्ट खुळखुळली. तिला लावलं. मग बॅकस्पेस. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की अखेरीस कीबोर्ड पूर्ण मुका झाला, घरात समाधान पसरलं, आणि त्याच आठवड्यात माझं ॲप बहिरं झालं.

मी ओळ टाइप केली. पडद्यावर अक्षर नाही. पूर्वी अशा वेळी ‘टिक्’ ऐकू यायची, म्हणजे कीबोर्ड आपलं काम करतोय आणि दोष पलीकडे आहे एवढं तरी कळायचं. आता इकडे आवाज नाही, तिकडे अक्षर नाही. मेलंय नक्की कोण? तिसरा संशयित मीच.

यावर एक जुनी नाडीपरीक्षा आहे. कॅप्स लॉक दाबायचं. साध्या वायरवाल्या कीबोर्डात त्याचा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मर्जीने लावत नाही, कॉम्प्युटरकडून हुकूम आला की मगच लागतो. दिवा लागला म्हणजे कीबोर्ड जिवंत, ऑपरेटिंग सिस्टिमही शुद्धीवर. राहता राहिलं ॲप. माझा दिवा लागला. विझवला, पुन्हा लावला. तेवढंच कुणीतरी प्रतिसाद देत होतं.

ॲप बहिरं होतं म्हणजे काय होतं, तेही ऐका. विंडोजमध्ये आपण दाबलेलं प्रत्येक बटण, केलेली प्रत्येक क्लिक, हा एक निरोप असतो आणि तो ॲपच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ॲपने एकेक निरोप उचलायचा असतो. पाच सेकंद त्याने रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, की विंडोज त्याला हँग ठरवते, खरी खिडकी लपवते आणि त्याच जागी तिच्यासारखीच दिसणारी घोस्ट विंडो उभी करते. वर पाटी, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. ते फिकट पडलेलं रूप म्हणजे ॲप नव्हेच, त्याचं भूत. भुताला हलवता येतं, लहान करता येतं. काम तेवढं करून घेता येत नाही.

आणि कोपऱ्यातली फुली? एरवी ती दाबली की ‘कृपया बंद व्हा’ असा निरोप जातो. कुठे जातो? त्याच रांगेत. दार न उघडणाऱ्या भाडेकरूला दाराखालून चिठ्ठी सरकवायची, की बाबा रे, घर सोड! शेवटी विंडोजच मध्ये पडून विचारते, वाट बघणार की बंद करू? या प्रश्नाला मी नेहमी ‘वाट बघतो’ म्हणतो. वरची दोन पानं सेव्ह केलेली नसली की माणूस फार आशावादी होतो.

जुनी यंत्रं यापेक्षा मोकळ्या मनाची होती. १९८१च्या आयबीएम पीसीत कीबोर्डच्या साठ्यात पंधराच दाबणी मावायची. यंत्र गुंतलेलं असताना सोळावं बटण दाबलं की ते चक्क ‘बीप’ करून ओरडायचं. पुरे झालं, कळलं! हल्ली रांग लांबलचक असते. आपण आपटत राहतो, ती मुकाट्याने सगळं जमा करून घेते, आणि ॲपला जाग आली की साचलेले सगळे एंटर एका दमात धावत सुटतात.

अडकलेलं ॲप जबरदस्तीने बंद करायला विंडोजमध्ये टास्क मॅनेजर असतो. मला तो आवडतो तो एवढ्यासाठी, की तो उघडायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप डाव्या हाताने एकदम दाबता येतात आणि उजवा हात कपाळावर मारायला मोकळा राहतो.

पण मूळ दुःख निराळंच होतं. मी रात्री त्या मुक्या बटणांवर जिवाच्या आकांताने प्रहार करत होतो आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ काय शांतपणे काम करतायत! संताप करायचा आणि त्याला साक्षीदार नसावा, यासारखी कुचंबणा नाही.

मग मी स्विच उपटायचा चिमटा हातात घेतला. एस्केपखालचा सायलेंट स्विच उपटला आणि डब्यात पडलेल्या निळ्यांपैकी एक तिथे खोचला. लिहिताना एस्केप लागत नाही, त्यामुळे तहाच्या अटी मोडत नाहीत. ॲप हँग झालं की मी तेवढं एक बटण वाजवतो. टिक्-टॉक्, टिक्-टॉक्. ॲप दाद देत नाही, तशी अपेक्षाही नाही. आतल्या खोलीतून मात्र लगेच विचारणा होते.

“अडकलं का रे?”

“अडकलं.”

“मग झोप आता.”