वजनकाटा आधी, लॉगिन मागाहून

काका, ‘रामबागेतला जुना प्रोग्रॅमर’ एवढीच ओळख तुम्ही दिलीत, म्हणून काका म्हणतोय. तुमच्या पत्रातले आक्षेप दोन. स्पायरल मॉडेल (सॉफ्टवेअर फेऱ्याफेऱ्यांनी बनवायचं आणि दर फेरीत मोठी जोखीम आधी तपासायची, ही रीत) हे अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशांवर पोसलेलं खूळ, इंदूरच्या पाच-सात लाखांच्या कामात त्याचं काय काम? आणि दर पंधरवड्याला गिऱ्हाइकाला काम दाखवणारे आम्ही वेगळं ते काय करतो, असं तुम्ही विचारता. दाखल्याला तुम्ही तुमचं सहकारी बँकेचं काम दिलंय.

दुसरा आक्षेप आधी घेतो, खरी गोम तिथेच आहे.

चोइथराम मंडीतल्या एका कांदा-बटाट्याच्या आडत्याचं काम आमच्याकडे होतं. पंधरवड्याच्या हिशेबाने लॉगिन, शेतकऱ्यांची यादी, पावतीची छपाई असं करत गेलो असतो, तर दर वेळी दाखवायला काहीतरी मिळालं असतं आणि शेटजीही खूश. पण घोडं अडणार होतं वजनकाट्यावर. काट्याच्या सीरियल पोर्टमधून आकडे अखंड येत राहतात. ट्रॉली चढताना ते हलतात, माणूस खाली उतरला की पुन्हा हलतात. त्यातलं खरं वजन कोणतं हे सॉफ्टवेअरने ओळखायचं. शिवाय जुन्या काट्याला पोर्ट आहे की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून केबल आणि लॅपटॉप घेऊन आधी तिथेच ठाण मांडलं. नव्या काट्याचे आकडे वाचता आले, जुन्याला पोर्ट नव्हताच. मग त्याचं वजन हाताने भरायचं आणि पावतीवर तशी खूण छापायची, हे एकही स्क्रीन बनायच्या आत करारात गेलं. लॉगिन सगळ्यात शेवटी. ते कुणालाही जमतं.

कामाचे तुकडे तुम्हीही पाडता, आम्हीही. आधी कुठला तुकडा घ्यायचा हे जोखमीवरून ठरलं, की ते स्पायरल. स्पायरल म्हणजे एकामागोमाग लावलेले वॉटरफॉल (सगळं आधी ठरवून एकेक टप्पा क्रमाने उरकायची रीत), हा गैरसमज स्पायरल मांडणाऱ्या खुद्द बॅरी बोएम यांनी २००० साली खोडून काढलाय. (आणि वॉटरफॉलचं चित्र ज्यांच्या नावावर खपतं, त्या विन्स्टन रॉयस यांनी १९७० च्या त्याच लेखात ही रीत धोक्याची आहे असं लिहिलंय. ते वाचतो कोण!)

आता पैशांचं. बोएम यांचे दाखले मोठ्या कामांचे आहेत, कबूल. टीआरडब्ल्यू कंपनीच्या एका सरकारी कामात उत्तर १ सेकंदात हवं अशी अट होती, आणि तिच्यापायी खर्च १० कोटी डॉलरवर जात होता. पडद्याचा कच्चा नमुना वापरणाऱ्यांपुढे ठेवल्यावर कळलं, की बहुतेक वेळा ४ सेकंदही चालतात. खर्च ३ कोटींवर आला. आपल्याकडे शून्यं कमी, पण न तपासलेली अट तेवढीच महागात पडते. आणि जिथे सगळं आधीच ठरलेलं आहे, जोखीम नाही, तिथे सरळ वॉटरफॉल करा; १९८८ च्या लेखात बोएमही त्याला स्पायरलचाच एक खास प्रकार मानतात. जुन्या बिलिंगमध्ये करांचे दर बदलायला कुणी नमुने बनवत बसत नाही.

टेंडरच्या कामांबद्दल मात्र तुमचं पटतं. किंमत आणि तारीख आधीच बांधलेली, तिथे हात बांधलेलेच. मी पहिल्या हप्त्याला जोखमीची चाचणी जोडून घ्यायचा प्रयत्न करतो. दर वेळी जमतं असं नाही.

बँकेबद्दल एक विचारतो. जुन्या खात्यांचा डेटा हलवताना शेवटच्या महिन्यात घोळ झाला आणि तो गिऱ्हाइकामुळे, असं तुम्ही लिहिलंय. तो डेटा तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदा उघडून पाहिला, तो कितव्या पंधरवड्यात?