पदवी तिची, सोहळा आपला

आपली कन्या पदवीधर झाल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. कन्येचे अभिनंदन सवडीने करता येईल. चिरंजीव असल्यास पुढील मजकुरात तसा बदल करून घ्यावा. समारंभाच्या दृष्टीने दोघांचेही काम एकच, सांगितले तेथे उभे राहण्याचे.

सर्वप्रथम निमंत्रितांची यादी करावी. नवशिके पालक येथे एक चूक हमखास करतात, ती म्हणजे जिच्यासाठी सोहळा आहे तिलाच नावे विचारतात. मग ती तीन मैत्रिणींची नावे सांगते आणि प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत तिच्यासाठी थांबणाऱ्या कुणा सहायकांचे चौथे. अशी यादी प्रेमाने घडी घालून खिशात ठेवावी. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तिला गुण कमी पडले तेव्हा ज्या काकूंनी "असू दे हो, सगळ्यांनाच कुठे जमतं" असे म्हणून आपले सांत्वन केले होते, त्या काकूंचे नाव खऱ्या यादीत सर्वांत वर असावे. तिने ही शाखा निवडल्याचे कळवल्यावर जो चुलतभाऊ फोनवर नुसता "अच्छा" म्हणाला होता, त्याला पहिल्या रांगेत, जेथून उठून जाता येणार नाही अशा जागी बसवावे. ज्यांनी कधीच काही वाईट म्हटले नाही, त्यांना जागा उरल्यास बोलवावे.

खर्चाविषयी घरात कुरकुर झाल्यास इतिहासाचा आधार घ्यावा. मध्ययुगीन युरोपात डॉक्टर पदवी मिळवणाऱ्याने परीक्षकांना आणि स्नेह्यांना मेजवान्या द्याव्यात, भेटी द्याव्यात हा रिवाज इतका बोकाळला होता की, १३११-१२ मध्ये भरलेल्या व्हिएनच्या धर्मपरिषदेत पोप पाचवे क्लेमेंट यांना या खर्चावर ३,००० चांदीच्या नाण्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्या घरात पोप नसल्याने मर्यादेचा प्रश्न उद्भवत नाही.

पोशाखाबाबत मात्र तडजोड नको. काळा झगा हा त्या जुन्या विद्यापीठांतील थंडगार दालनांत बसणाऱ्या, धर्मसंस्थेत गणल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेश. तो उकाड्यात घातल्याने काय होते, हे कन्येच्या कपाळाकडे पाहिल्यास कळेल, परंतु छायाचित्रात घाम दिसत नाही. झगा भाड्याचा असतो आणि बाह्या नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी हातांच्या असतात. तो दुपारी परत करायचा असल्याने विद्यापीठाच्या आवारातच सर्व आप्तांनी आळीपाळीने तो घालून छायाचित्रे काढून घ्यावीत. मामांनी एकदा झगा चढवला की ते तो लवकर उतरवत नाहीत, हे लक्षात घेऊन त्यांचा क्रमांक शेवटचा ठेवावा.

टोपी हवेत उडवण्याचा प्रसंग आवर्जून घडवून आणावा. या प्रथेचे मूळ सहसा अमेरिकेच्या नौदल अकादमीत १९१२ साली बाहेर पडलेल्या तुकडीत सांगितले जाते. तोवर पदवीनंतरही दोन वर्षे समुद्रावर काढल्यावरच अधिकारपद मिळत असे. त्या वर्षी ते पदवीबरोबरच मिळाले आणि विद्यार्थिदशेतील टोप्यांचा उपयोग उरला नाही, म्हणून त्या उडवल्या गेल्या. थोडक्यात, त्यांच्या हातात नेमणूक होती. आपल्या कन्येच्या हातात टोपीची अनामत पावती आहे. तेव्हा तिने ती बेताने, फार तर हातभर उंच उडवावी आणि गोंड्यासह झेलावी.

आता वडिलांच्या भाषणाविषयी. भाषण उत्स्फूर्त वाटले पाहिजे, म्हणून ते आठवडाभर आधी लिहून पाठ करावे. त्यात "आम्ही" हा शब्द मुक्तहस्ते वापरावा: आम्ही रात्री जागलो, आम्ही दूरदर्शन संच बंद ठेवला, दुसऱ्या वर्षी आमचा एक विषय राहिला तोही आम्ही सोडवला. कन्येचा उल्लेख शेवटच्या वाक्यात, तोही टाळ्यांची जागा दाखवण्यापुरता पुरेसा आहे. इतिहासाची आवड असलेला एखादा भाचा मध्येच उठून, बोलोन्याच्या जुन्या विद्यापीठात विद्यार्थीच शिक्षक नेमत, त्यांचे मानधन ठरवत आणि उशीर करणाऱ्या शिक्षकाला दंड करत, असे सांगू लागल्यास त्याला खुर्च्या मोजायला पाठवावे. विद्यार्थ्यांच्या हाती कारभार असल्याच्या गोष्टी अशा मंगल प्रसंगी कानावर पडणे बरे नव्हे.

सोहळ्याचा गाभा म्हणजे "मग, आता पुढे काय?" हा प्रश्न. तो येणारच. हातात ताट घेतलेला प्रत्येक आप्त तो विचारतो, आणि उत्तर ऐकण्याआधी ताटाकडे पाहतो. कन्येला स्वतः उत्तर देऊ दिल्यास ती "अजून ठरवलं नाही" असे खरे बोलून बसेल आणि चार वर्षांचा खर्च चार शब्दांत पाण्यात जाईल. म्हणून ती तोंड उघडण्यापूर्वीच आईने "दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत" असे म्हणावे. कोठे, हे विचारण्याइतका रस कोणालाच नसतो. आत्याने विचारलेच तर "ठरलं की तुम्हालाच आधी सांगू" हे वाक्य आजवर वाया गेलेले नाही. याच सुमारास कोणीतरी आपल्या मुलाच्या नोकरीचा विषय काढेल. त्याला लगेच अडवू नये. त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि मग मूळ पदवीपत्र हातोहात फिरवण्यासाठी त्याच्याकडे द्यावे. ओले हात आधी पुसून घ्यायला सांगावे.

हे सर्व नीट पार पडत असताना एकच धोका उरतो, तो ऐकू कमी येणाऱ्या थोरल्या आजोबांचा. समूहछायाचित्रासाठी सर्व जण उंचीप्रमाणे उभे राहिलेले असतात, आणि तेवढ्यात ते कन्येचा हात धरून "तू शिकलीस तरी काय गं?" असे विचारतात. आपल्याकडे याचे उत्तर "इंजिनिअरिंग" एवढेच असते आणि ते आपण देतोही. परंतु त्यांना ते ऐकू जात नाही. मग ती त्यांच्या कानाशी वाकून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागते की काही मातीत चिकणमातीचा अंश जास्त असतो, ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, घर मात्र तिच्यावर तसेच उभे असते, म्हणून भिंतींना तडे जातात. आणि असा तडा तिरका आहे की सरळ, खाली रुंद आहे की वर, यावरून पायाचा कोणता भाग खचला याचा अंदाज करता येतो. चार वर्षांत हे आपणही प्रथमच ऐकत असतो. काकू ताट खाली ठेवतात. छायाचित्रकार दोनदा "इकडे बघा" म्हणतो.

आजोबा मात्र काठी उचलून आपल्याच दिवाणखान्यातील कोपऱ्याकडे, नव्या रंगाखाली आपण गेल्याच आठवड्यात दडवलेल्या तड्याकडे रोखतात, आणि मग सगळे घर तिकडे पाहू लागते.