दिवा हिरवा आहे म्हणून कानातले प्लग काढलेस?

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. 'मामा, हे वाच. आता कानात ते पिवळं कोंबायची गरज नाही.' खाली शंभर ठिकाणी फिरून आलेला फॉरवर्ड. पोरगा भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून भाग काढतात तिथे, ट्रेनी म्हणून लागून चार महिने झालेत. मी आवाजाचा मीटर घेऊन एमआयडीसीतल्या शेड पालथ्या घालतो, आणि माझ्याच घरातलं पोर व्हॉट्सॲप वाचून आवाज अडवणारे कानातले प्लग काढून बसलंय!

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्यात आवाजावर चालणारा दिवा बसवा. आवाज वाढला की तो लाल होतो, भोंगा वाजतो. हिरवा आहे तोवर कान सुरक्षित, प्लग नकोत. ९० डेसिबलपर्यंत सरकारचीच परवानगी आहे. यंत्र परवडत नसेल तर मोबाइलवर फुकट ॲप टाका. सहा महिन्यांत कानाला सवय होते. उलट प्लगमुळेच अपघात होतात. आणि शेवटी, झोपताना कोमट तेलाचे दोन थेंब कानात टाकले की नस पुन्हा जागी होते.

दिव्यापासून सुरू करतो, कारण पोराने प्लग काढले ते त्या हिरव्या रंगावर विसंबून.

या यंत्रात असतं काय? एक माइक आणि ठरवून दिलेला एक आकडा. आवाज त्या आकड्याच्या वर गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला, की दिवा पेटतो. म्हणजे तो सांगतो ते फक्त या भिंतीपाशी, या घडीला आवाज किती आहे एवढंच. कानाचा हिशेब वेगळा आहे. कान अख्ख्या पाळीची बेरीज करतो. दिवा बेरीज करत नाही. आत्ताची सर किती जोराची आहे हे खिडकीतून बघून धरण किती भरलं ते सांगता येतं का?

समजा आकडा ९० वर ठेवलाय आणि शेडमध्ये दिवसभर ८९ आहे. दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवागार. अमेरिकेत नायोश नावाची सरकारी संस्था कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करते. तिच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त ८ तास काढावेत, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास. ८९ ला साधारण ३ तास १० मिनिटं. म्हणजे ८ तासांच्या पाळीत माणसाने मर्यादेच्या अडीच पट आवाज खाल्ला, आणि दिवा एकदाही लाल झाला नाही. वर ओव्हरटाइम केला तर? दिव्याला ओव्हरटाइम कळत नाही.

प्रेस शॉपची गोष्ट आणखी वाईट. प्रेसचा ठोका क्षणाचा असतो. प्रत्येक ठोक्याला दिवा लुकलुकू नये म्हणून त्याला बऱ्याचदा मुद्दाम उशिराने पेटायला शिकवलेलं असतं. ठोका येऊन जातो, दिवा ढिम्म. कानाला मात्र तो प्रत्येक वेळी बसतो.

त्यात जागा. भाच्याला विचारलं, 'दिवा लावलाय कुठे?' म्हणाला, 'सुपरवायझरच्या केबिनच्या दारावर.' 'आणि तुझी प्रेस?' 'शेडच्या दुसऱ्या टोकाला.' झालं! म्हणजे सुपरवायझरचं दार सुरक्षित आहे. ऑपरेटरच्या कानावर काय पडतं ते बघायचं तर आवाजाची बेरीज करणारा डोसिमीटर लागतो. त्याचा माइक खांद्यावर, कानाजवळ लावतात आणि यंत्र पाळीभर अंगावर राहतं.

बाकी मी काय काय पाहिलंय ते सांगत नाही. बरं, दोन सांगतो. एका ठिकाणी माइकवर तेल उडतं म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली होती. दुसरीकडे 'सारखा लाल होतो, पोरं घाबरतात' म्हणून मेंटेनन्सवाल्याने आकडा ९० चा ९५ केला होता. दिवा हिरवा झाला, पोरं घाबरायची थांबली.

दिवा अगदीच कुचकामी नाही, हे मान्य करतो. कंप्रेसरच्या खोलीचं दार उघडं राहिलं, हवेची लाइन फुटली, बेअरिंग ओरडायला लागलं तर तो लगेच दाखवतो. कुठे प्लग घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही याची पाटी म्हणूनही बरा. लाल झाला तर धोका नक्की. पण हिरव्याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं तेच उलटं करून ठेवलंय.

आता 'सरकारची परवानगी'. आपल्या कारखाना नियमांतल्या तक्त्यात ९० डेसिबल आहेत, खरं आहे. पण समोर '८ तास' असंही लिहिलंय. ते फॉरवर्डमध्ये गळालं. त्याच तक्त्यात ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. नायोशला विचाराल तर १०० ला १५ मिनिटं. आणि ९० म्हणजे सुरक्षित असं नायोश म्हणत नाही. १९९८ च्या तिच्या अहवालातला हिशेब असा: ४० वर्षं रोज ९० मध्ये काम केलं तर वयाने येणारा बहिरेपणा सोडून १०० पैकी २५ जणांचे कान केवळ कामामुळे जातात. ८५ मध्ये ८ जणांचे. ९० मध्ये चौघांत एक! याला परवानगी म्हणायचं तर म्हणा. डॉक्टरने सरकारला कळवायच्या व्यावसायिक रोगांची यादी कारखाना कायद्यात होती, त्यात आवाजाने आलेला बहिरेपणाही होता. म्हणजे आवाजाने कान जातात हे त्या कायद्यालाही मान्य होतं.

'कानाला सवय होते' हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. आमचे अण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर ३१ वर्षं होते, बहुतेक बारा तासांची पाळी. धोट्याच्या खडखडाटात विणकर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. अण्णांनाही सवय झाली होती, अगदी फॉरवर्डमध्ये लिहिलीय तशीच. पहिल्या वर्षी पाळी सुटली की कानात शिट्टी वाजायची, पुढे ती 'वाजेनाशी झाली'. कान आवाजाला सरावत नाही, तो आवाज ऐकणाऱ्या पेशी गमावतो. कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसाळ पेशी असतात, एका कानात जेमतेम १५-१६ हजार. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आधी उंच, किनऱ्या आवाजाच्या जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणून स, श, फ हे आवाज पहिले निसटतात. अण्णांना आवाज येतो, शब्द लागत नाही. 'मोठ्याने बोल,' म्हणतात. मोठ्याने बोललं की, 'ओरडतोस कशाला?' ही तऱ्हेवाईकपणाची गोष्ट नाही, अशा कानाचं हे लक्षणच आहे. हळू ते ऐकू येत नाही आणि मोठं ते सहन होत नाही. घरातल्यांना हे कळायला दहा वर्षं गेली. तोवर आम्ही त्यांना चिडका म्हातारा म्हणत होतो.

ॲपचं लवकर उरकतो. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, प्रेसच्या ठोक्यासाठी नाही. नायोशने स्वतःचं ॲप २०१७ मध्ये काढलं तेही फक्त आयफोनसाठी, कारण अँड्रॉइडचे फोन इतक्या तऱ्हांचे की सगळ्यांची खात्री देणं अशक्य. आमचा मीटर आम्ही मोजणीआधी ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर, म्हणजे नेमका तेवढाच आवाज काढणारं यंत्र, लावून तपासतो. तुमचा खिशातला फोन कोणी तपासला? अंदाज घ्यायला खुशाल वापरा.

प्लगमुळे अपघात होतात? यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. जिथे ८७-८८ आहे तिथे भरभक्कम प्लग ठासले तर फोर्कलिफ्टचा हॉर्न, शेजाऱ्याची हाक दबते. त्यावर उपाय बेताचा प्लग, आणि फोर्कलिफ्टवर फिरता दिवा. बघा, दिव्याची खरी जागा तिथे आहे! शिवाय प्लग किती डेसिबल अडवतो या पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे पाकिटावर २९ असेल तर ७ वजा करून निम्मे करायचे, ११ उरतात. तेही प्लग नीट घातला तर. बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. भाचा नुसता टेकवत होता, पडणारच तो.

तेलाबद्दल काय लिहू? तेल पडद्याच्या बाहेर राहतं, मेलेल्या पेशी पडद्याच्या आत. पडद्याला भोक असेल तर पू होऊ शकतो तेवढं.

भाच्याला कानांची तपासणी करायला सांगितलंय. तपासणीआधी कानाला किमान १४ तास शांतता हवी, नाहीतर आदल्या पाळीचा तात्पुरता बधिरपणाच मोजला जातो. भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी पाळीवर जायच्या आधीची वेळ घेतलीय. अण्णा म्हणाले, मीही येतो. मला तीनदा विचारावं लागलं, काय म्हणालात ते.