मिल्क पेंट वाटेल त्यावर चिकटत नाही: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

जुन्या कपाटांना, पेट्यांना, खुर्च्यांना मिल्क पेंट लावण्याबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्सखाली सारखा दिसतो. त्याचा सारांश असा: हा रंग कशावरही चिकटतो, आधी लाकूड घासावं लागत नाही, दूध आणि लिंबू वापरून घरीच होतो, पूर्ण बिनविषारी आहे, आणि वर काहीही न लावता पिढ्यानपिढ्या टिकतो. मिल्क पेंट खरोखर चांगला रंग आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं. असल्या सल्ल्यावर विसंबून केलेलं काम थोड्याच दिवसांत पोपडे धरतं आणि बदनाम रंग होतो.

‘कशावरही चिकटतो, घासायची गरज नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. मूळ मिल्क पेंट म्हणजे केसीन (दुधातलं प्रथिन), चुना, खडू किंवा मातीची भुकटी आणि रंगद्रव्य. पाण्यात कालवलेला हा रंग लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. त्याची सगळी पकड शोषणावर अवलंबून असते. पॉलिशने छिद्रं बुजलेली असली तर रंग वरच्या वर वाळतो, आक्रसतो आणि सुटतो.

आपल्याकडच्या जुन्या सागवानी सामानावर बहुधा चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं. नंतरच्या सामानावर लॅकर, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). आधी पाण्याचा एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. लाकूड गडद होऊन थेंब जिरला तर ते रंगाला तयार आहे. थेंब तसाच उभा राहिला तर नाही. मग मागच्या बाजूला कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर घासा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग आला तर ती लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू किंवा ऑइल पेंट समजा.

लाख असेल तर काम सोपं आहे. स्पिरिट आणि स्टील वूलने ती उतरवा, चिंध्यांनी पुसत राहा, मग १२० आणि त्यानंतर १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवा. तिथेच थांबा, ३२० नंबरपर्यंत गुळगुळीत केलेलं लाकूड रंग कमी पितं. फर्निचरचं मेण लावलेलं असेल तर ते घासण्याआधीच टर्पेंटाइनने पुसा, नाहीतर पॉलिश पेपर ते लाकडात आणखी खोल दाबतो. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून ओलसर फडकं फिरवून वाळू द्या आणि २२० नंबरने हलकेच घासा. सागवान स्वतःच तेलकट असतं, म्हणून घासल्यावर पहिला हात त्याच दिवशी द्या.

जुना थर उतरवायचाच नसेल तर त्यालाही मार्ग आहे. १८० नंबरने चमक पूर्ण मारा आणि पहिल्या हातापुरतं, कालवलेल्या रंगात तेवढंच अ‍ॅक्रिलिक बाँडिंग इमल्शन (पकड वाढवणारं द्रव) मिसळा. दुसऱ्या हातात त्याची गरज नाही. ‘कशावरही चिकटतो’ हे जे दिसतं, ते पुष्कळदा या इमल्शनचं काम असतं.

चिकटण्याआड येणारी गोष्ट एवढीच, पण डाग वर येण्याचा प्रश्न वेगळा आहे. सागवान, बाभूळ, ऐन, महोगनी यांच्यातली द्रव्यं ओल्या, अल्कलीयुक्त रंगातून वर येतात आणि पांढऱ्या थरावर पिवळट, तपकिरी किंवा लालसर डाग उमटतात. वर आणखी हात मारून ते झाकले जात नाहीत. मेण काढलेल्या चपडीचे दोन पातळ हात आधी द्या, आणि त्यावरचा रंगाचा पहिला हात इमल्शन घालूनच द्या.

‘दूध, लिंबू आणि रंग, झालं’

लिंबू पिळून फाडलेल्या दुधात रंग कालवला तर रंगीत पनीर मिळतं. ते पाण्यात विरघळत नाही, गुठळ्या राहतात आणि लाकडावर सडतं. केसीन बांधणारं द्रव्य होण्यासाठी अल्कली लागते: चुना किंवा टाकणखार. या मजकुरातून नेमकी तीच गाळलेली असते.

दूधही कोणतंही चालत नाही. टोन्ड दुधात ३ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, आणि तो थर कमजोर करतो. १०० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर ९०० मिली पाण्यात कालवा, कोमट करा, ६० मिली व्हिनेगर घाला. चोथा वेगळा झाला की मलमलीतून गाळा आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा. आंबटपणा राहिला तर तो चुन्याला मारतो. या ओल्या चोथ्याचे पाच भाग आणि विरवून, गाळून घेतलेल्या घट्ट चुन्याचा एक भाग एकत्र घोटा. थोड्या वेळात चोथा विरघळून चिकट द्रव होतो. चुन्याऐवजी १० ग्रॅम टाकणखार गरम पाण्यात विरघळवून घातला तरी चालतो.

मग आधी पाण्यात भिजवलेला गेरू, पिवळी माती किंवा काजळी मिसळा. चुन्यात प्रशियन निळा टिकत नाही, त्याचा रंग जातो. वाळलेल्या नमुन्यावर बोट घासा: रंग बोटाला लागला तर रंगद्रव्य जास्त झालंय.

तयार पावडर घेत असाल तर ती आणि कोमट पाणी सारख्या मापाने कालवा, पंधरा मिनिटं ठेवा, गाळा, आणि लावताना सतत ढवळत राहा, कारण गाळ तळाला बसतो. कालवलेला रंग त्याच दिवशी संपवायचा. बाटलीत महिनोन्‌महिने टिकणारा द्रवरूप ‘मिल्क पेंट’ ही निराळी वस्तू आहे. अमेरिकेतल्या जनरल फिनिशेस कंपनीचा त्या नावाचा रंग मुळात अ‍ॅक्रिलिक आहे, आणि कंपनी ते लपवत नाही. त्याचे गुण पाहून पावडरीकडून अपेक्षा ठेवू नका.

‘पूर्ण बिनविषारी’

वाळलेला थर निरुपद्रवी आहे, हे मान्य. पण कोरडी पावडर आणि ओला रंग यांत चुना असतो, आणि डोळ्यात गेलेला चुना बुबुळ भाजतो. चष्मा, मास्क आणि हातमोजे वापरा. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने सतत धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

खरा धोका मात्र खालच्या जुन्या रंगात असतो. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं असं धरूनच चाला. असा रंग कोरडा घासू नका, हीट गननेही जाळू नका. ओला करून, वॉटर पेपरने काढा, खरवड गोळा करून वेगळी बांधा, आणि लहान मुलं व गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

‘वर काही लावायला नको, पिढ्यानपिढ्या टिकतो’

मातीचे रंग उन्हाने उडत नाहीत आणि चुना वाळून कठीण होतो, एवढं खरं. पण उघडा थर सच्छिद्र राहतो. चहाच्या कपाचं वर्तुळ आणि तेलाचं बोट त्यात कायमचं मुरतं. शिवाय केसीन हे बुरशीचं अन्न आहे. कोकणातल्या ओटीवरच्या झोपाळ्याला हा रंग उघडा ठेवला तर आषाढ-श्रावणात काळे ठिपके येणारच. काम दिवाळीनंतर काढा.

दोन पातळ हात वाळल्यावर जवसाचं तेल (दुकानातलं ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’) फडक्याने लावा, वीस मिनिटांनी जादा तेल टिपून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तेलाने रंग गडद होतो आणि पांढरा पिवळा पडतो. पांढऱ्यावर पाण्याचं पीयू बरं. नुसतं मेण जेवणाच्या टेबलाला पुरत नाही. आणि तेलाच्या चिंध्या कधीही गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

‘प्रत्येक जुन्या वस्तूला शोभतो’

इथे आमचं मत ठाम आहे. एकसंध, चांगल्या रेषेच्या जुन्या सागवानाला रंगाखाली घालू नका. स्पिरिटने धुऊन नव्या चपडीचे हात द्या. मिल्क पेंट आंब्याच्या किंवा देवदाराच्या सामानाला, आणि तीन निरनिराळ्या लाकडांचे तुकडे जोडून दुरुस्त केलेल्या कपाटाला द्या. सुरुवात पाठीमागच्या फळीपासून करा, आणि दोन दिवसांनी तिथे चिकटपट्टी दाबून ओढून पाहा.