तपासायचं कोणी? आश्रयार्थींच्या निवाऱ्यावरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

ब्रिटनमधल्या आश्रयार्थींच्या निवाऱ्यावर स्वतंत्र देखरेख नाही, ती हवी, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचे आक्षेप तीन: करारात दर्जाचे निकष आणि दंड दोन्ही असताना ‘देखरेख नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे, स्वतंत्र तपासणीवर आणखी पैसा कशाला, आणि स्थानिक भाडेकरूंना जे मिळत नाही ते आश्रयार्थींना का द्यायचं. खरी मेख पहिल्यात आहे.

निकष आहेत, मान्य. निवारा पुरवण्याचे होम ऑफिसचे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचे, २०१९ पासूनचे सात प्रादेशिक करार सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन कंपन्यांकडे आहेत. घर कसं असावं, कुठला बिघाड किती वेळात दुरुस्त व्हावा, सगळं त्यांत लिहिलेलं आहे. पण ते पाळलं जातंय की नाही, याची पहिली नोंद कोण करतं? कंपनीच. घराला नियमित भेट कंपनीचा माणूस देतो, बिघाड तोच टिपतो, कामगिरीचे आकडे तिथूनच वर जातात आणि दंडाचा हिशेब बऱ्याच अंशी त्या आकड्यांवरच चालतो. राहणाऱ्याची तक्रार मायग्रंट हेल्प या धर्मादाय संस्थेच्या फोनलाइनवर नोंदवली जाते, तिथून कंपनीकडे जाते आणि ‘काम झालं’ हेही कंपनीच कळवते. छत गळायचं खरंच थांबलं का, हे त्या घरातल्या माणसाला कुणी विचारलं नाही तरी कागद पूर्ण होतो.

बाहेरचा माणूस आत शिरला की चित्र कसं बदलतं, हे आधीच्या करारांच्या काळात दिसलं आहे. तेव्हाही निकष होतेच. तरी होम ऑफिसच्या स्वतःच्या पथकांनी २०१६ ते २०१८ या काळात पाहिलेल्या घरांपैकी पाव हिस्सासुद्धा निकषांत बसला नव्हता. सीमा आणि स्थलांतर विषयाच्या स्वतंत्र मुख्य निरीक्षकांच्या २०१८ च्या तपासणीतून हे बाहेर आलं.

आता पाण्याचंच घ्या. लीजनेला हा फुप्फुसांचा गंभीर आजार घडवणारा जीवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात वाढतो. म्हणून गरम पाणी टाकीत किमान ६० अंशांवर ठेवायचं, नळ सोडल्यावर एका मिनिटात ते ५० अंशांवर आलं पाहिजे, आणि थंड पाणी २० च्या खाली. रिकाम्या खोल्यांतले शॉवर आठवड्यातून एकदा तरी वाहते करायचे, कारण पाइपच्या बंद फाट्यात साचलेलं पाणी कोमट होतं आणि जीवाणूला तेच हवं असतं. हे तपासायला एक थर्मामीटर आणि घड्याळ पुरतं. बराच काळ रिकामी पडलेली इमारत घाईघाईने भरताना नेमकं हेच राहून जातं.

पोर्टलंड बंदरातल्या बिबी स्टॉकहोम या तरंगत्या निवाऱ्यावर २०२३ मध्ये पाण्यात लीजनेला सापडला. तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, डॉर्सेट कौन्सिलच्या, म्हणण्यानुसार नमुन्यांचे निकाल कंत्राटदारांना ७ ऑगस्टला कळवले होते. पहिली माणसं त्याच दिवशी चढली. त्या ३९ जणांना उतरवलं ते ११ ऑगस्टला. चाचणी झाली होती, निकालही हातात होता. पण माणसं आत घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी निकाल पाहायचाच, अशी सक्ती नव्हती.

आश्रयार्थींना ठेवलेल्या नेपियर या जुन्या लष्करी बराकींचं याहून वाईट. समाईक शयनगृहं कोविडच्या काळात योग्य नाहीत, हे पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्यसंस्थेने सांगितलं होतं. आगीच्या सुरक्षेबद्दल सरकारी इमारतींच्या अग्निसुरक्षा निरीक्षकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये गंभीर चिंता नोंदवली होती. जानेवारी २०२१ मध्ये तिथे साथ पसरली, महिनाअखेरीला आगही लागली. जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिथली व्यवस्था किमान दर्जाची नव्हती असं ठरवलं. म्हणून माझं म्हणणं नुसतं ‘तपासणी हवी’ एवढं नाही. तपासणारा पैसे घेणाऱ्यापासून वेगळा हवा, आणि त्याने ‘बंद’ म्हटलं की खोली बंद झाली पाहिजे.

खर्चाचं थोडक्यात. या करारांचा दहा वर्षांचा अंदाज ४.५ अब्ज पौंडांवरून १५.३ अब्जांवर गेल्याचं सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मे २०२५ मध्ये सांगितलं. एवढा पैसा जातो तिथे निरीक्षकांचे पगार वाचवून कसली काटकसर? कंपनीने पाठवलेल्या बिलाइतकी माहितीसुद्धा खोलीबद्दल सरकारकडे नसेल, तर नुकसान करदात्याचंच.

आणि ‘स्थानिकांपेक्षा जास्त’ हा मुद्दा वस्तुस्थितीला धरून नाही. इंग्लंडमध्ये दोन किंवा अधिक कुटुंबांतले मिळून पाच किंवा जास्त लोक समाईक स्वयंपाकघर, न्हाणीघर वापरत राहत असतील तर घराला परवाना लागतो. एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांच्या खोलीला १०.२२. मोजताना १.५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या छताखालची जागा धरायची नाही, माळ्यावरच्या खोल्या इथेच नापास होतात. हा नियम सगळ्या भाडेकरूंसाठी आहे. २०२३ मध्ये सरकारने आश्रयार्थींच्या घरांना यातून सूट देऊ पाहिली आणि न्यायालयीन आव्हानानंतर तो बेत सोडावा लागला. म्हणजे खटपट कमी देण्याची होती. शिवाय साध्या भाडेकरूला निदान घर बदलता येतं. आश्रयार्थीला जागा निवडता येत नाही, बहुतेकांना काम करायची परवानगी नाही, आणि स्वतः रांधून खाणाऱ्याला २०२४ मध्ये आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत. ओल आलेल्या खोलीतून तो जाणार कुठे?

‘मग करायचं काय’ असंही तुम्ही विचारलंत. आयर्लंडकडे पाहा. तिथे जानेवारी २०२४ पासून हिक्वा ही आरोग्य आणि सामाजिक सेवांची नियामक संस्था निवाऱ्यांची तपासणी करते. पूर्वसूचना न देताही जाते आणि प्रत्येक केंद्राचा अहवाल नावासकट प्रसिद्ध करते. मात्र या कक्षेत कायमस्वरूपी केंद्रंच आली, तातडीने उघडलेली बाहेर राहिली. वाईट जागा बहुधा त्यांतच असतात. त्यामुळे ब्रिटनने हे उचलायचं असेल तर ‘तात्पुरती’ हा शिक्का एखाद्या जागेवर किती आठवडे चालेल, याची मुदत कायद्यातच घालावी लागेल. मुदत संपली की पूर्ण तपासणी, नाहीतर त्या जागेचं बिल अडवायचं.