काळी सेडान, आंब्याची सावली आणि वॅक्सचा डबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘गाडीला वॅक्स कोणतं लावावं’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. कार्नोबाला, म्हणजे झाडाच्या पानांवरून मिळणाऱ्या मेणाच्या वॅक्सला, लेखात ‘चार दिवसांची हौस’ म्हणून निकालात काढलंय, पण तुमच्या काळ्या सेडानवर त्याच्यासारखी तकाकी कुठल्याच सीलंटने (रंगावर लावायचा कृत्रिम पॉलिमरचा संरक्षक थर) आली नाही. सीलंट सहा महिने टिकतो असं लिहिलंय, तुमचा रत्नागिरीत डिसेंबरात लावलेला फेब्रुवारीअखेर संपला, पाण्याचे थेंब बनणंच बंद झालं. आणि ‘खाली सीलंट, वर कार्नोबा’ हा सल्ला म्हणजे दोन डबे खपवायची दुकानदारी.

आधी मधला मुद्दा घेतो, कारण तिथे लेख चुकलाय. सहा महिने हा आकडा छपराखाली उभ्या राहणाऱ्या आणि नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीचा आहे. ती अट लिहायलाच हवी होती. कोकणात उघड्यावर उभ्या गाडीवर चांगला पॉलिमर सीलंट पावसाळ्यात तीन-साडेतीन महिने गेला तरी पुष्कळ. त्याच जागी पेस्ट कार्नोबा तीन-चार आठवडे.

पण तुमचा हिशोब पावसाळ्याचा नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत रत्नागिरीला पाऊस नसतो, ऊनही मे महिन्यासारखं नसतं. मग थर खाल्ला कोणी? उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: गाडी आंब्याखाली उभी असते. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे झाडाचा रस शोषतात आणि चिकट, गोडसर थेंब खाली टाकतात. पानांवर हा पाझर चकाकतो, मागाहून त्यावर काळी बुरशी धरते. तोच पाझर तुमच्या टपावर आणि बॉनेटवर रोज पडतो आणि त्यावर धूळ बसते. सीलंट खाली शाबूत असला तरी पाण्याची गाठ त्याच्याशी पडतच नाही, पडते ती या साखरेच्या चिकट्याशी. म्हणून पाणी थेंब न धरता पसरतं.

खात्री करून घ्या. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा. एका बाजूला कोमट पाणी ओता, दोन मिनिटं थांबा, मग गाडीच्या न्यूट्रल शाम्पूने मायक्रोफायबर मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) वापरून दोनदा धुवा. दुसरी बाजू तशीच ठेवा. आता दोन्हीकडे मगाने बारीक धारेने पाणी सोडा. धुतलेल्या बाजूवर गोल थेंब उठले तर सीलंट जिवंत आहे, फक्त झाकला गेला होता. दोन्हीकडे पाणी सारखंच पसरलं तर तो खरंच गेलाय.

गेला असेल तर माझा पहिला संशय वॉशिंग सेंटरच्या फोमवर. पांढराशुभ्र जाड फोम मळ पटकन सोडवतो, कारण पुष्कळ ठिकाणी तो चांगलाच अल्कली असतो. असे पाच-सहा वॉश झाले की कार्नोबा तर जातोच, सीलंटही झिजतो. भांड्याच्या साबणाचंही तेच. दुसरा संशय लावण्याआधीच्या तयारीवर. सीलंटला क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, धरायचं असतं. मध्ये जुन्या वॅक्सचा किंवा पॉलिशच्या तेलाचा पडदा असेल तर तो पडद्याला चिकटतो आणि पडद्याबरोबरच निघून जातो. तुम्ही लिहिलंय, ‘दिवाळीत कार्नोबा मारला होता, त्याच्यावर सीलंट लावला.’ इथेच क्रम उलटा झाला.

आता तकाकी. काळ्या रंगावर ताज्या कार्नोबाची झळाळी वेगळी दिसते, हे मान्य, आणि लेखातला तो शेरा उगाच तिखट होता. पण ती येते कुठून, ते पाहायला हवं. कार्नोबा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांमध्ये सगळ्यांत कडक, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. इतकं कडक आणि ठिसूळ, की नुसतं घेतलं तर गाडीवर फासताच येणार नाही. म्हणून डब्यात त्याच्याबरोबर सॉल्व्हंट, तेलं आणि मऊ मेणं असतात. डब्यावर ‘१०० टक्के कार्नोबा’ लिहिलेलं असतं ते फार तर आतल्या कार्नोबाच्या शुद्धतेबद्दल. अख्खा डबा तसा असता तर तो खडूसारखा हातात तुटला असता.

काळ्या गाडीवर जी ‘ओली’ चमक दिसते, तिच्यात या तेलांचा वाटा मोठा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक ओरखड्यांमध्ये ती भरतात, उजेड विखुरणं कमी होतं आणि रंग खोल दिसतो. तेल धुतलं गेलं की ओरखडे पुन्हा हजर. तुम्हीच म्हटलंय, दोन वॉशनंतर मजा गेली. कार्नोबाने ओरखडे काढलेच नव्हते, झाकले होते. आणि सीलंट पारदर्शक, तेल कमी. त्याने ते झाकले नाहीत, म्हणून तो तुम्हाला फिका वाटला.

खरी चमक क्लिअर कोट सपाट असण्यात आहे. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, वॅक्सचा थर एक मायक्रॉनही भरत नाही. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवताना डोलवणारं पॉलिशिंग मशीन), मऊ फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश यांनी एक-दोन मायक्रॉन घासून ओरखडे उतरवले, की त्यावर सीलंट लावा किंवा कार्नोबा, चार हातांवरून फरक सांगणारा माणूस विरळा. मात्र हे दरवर्षी करण्याचं काम नाही, कोट परत उगवत नाही. आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ‘वॅक्स पॉलिश’ म्हणून जे मारतात, ते एकदा विचारून घ्या. बऱ्याचदा ते रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी खरखरीत पेस्ट, असतं. गोल मशीन घाईने फिरवलं की काळ्या रंगावर उन्हात ढगासारखे पट्टे दिसतात, आणि मग दोष बिचाऱ्या वॅक्सला.

पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असती, तर एवढी चर्चाच करावी लागली नसती. तिथे सरळ सीलंट.

तुमच्या गाडीसाठी मी असं सुचवेन. पावसाळ्याआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सावलीत, पत्र्यावर हाताची मागची बाजू आरामात टेकवता येईल इतका तो थंड असताना काम सुरू करा. गाडी धुवा. मग आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव) फवारा, जांभळे ओघळ येतील. सुकू न देता तीन-चार मिनिटांत धुऊन टाका. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवर फिरवा. बारीक रवा लागल्यासारखं वाटलं तर क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) भरपूर शाम्पूच्या पाण्यासकट, दाब न देता फिरवा. क्ले खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या. त्यात अडकलेला एक खडा अख्खं दार ओरबाडतो. शेवटी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच भाग डिस्टिल्ड पाणी यांनी पुसून घ्या. दिवाळीचा कार्नोबा आणि पॉलिशची तेलं इथे निघतात.

मग सीलंट. अख्ख्या सेडानला २० ते २५ मिली पुरतो. फोम पॅडवर शेंगदाण्याएवढे तीन-चार ठिपके, तेवढ्यात अर्धं बॉनेट. लावलेलं नीट दिसत नाहीये असं वाटलं, तर बरोबर लावलंय. जाड थर जास्त टिकत नाही. वरचा सगळा पुसूनच निघतो, फक्त हात दुखतात आणि पट्टे राहतात. डब्यावर १५ मिनिटं लिहिली असली तरी कोकणच्या दमट हवेत ४० लागू शकतात. म्हणून घड्याळ पाहू नका. बोट ओढा: खाली स्वच्छ रंग दिसला तर पुसायला घ्या, ओघळ उमटला तर थांबा. पुसल्यावर १२ तास पाणी लागू देऊ नका, म्हणजे त्या रात्री तरी गाडी छपराखाली हवी. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा हात, तो पहिल्यात राहिलेल्या जागा भरतो.

पावसाळ्यात वरून काही करायचं असेल तर दर तीन-चार धुण्यांनंतर स्प्रे सीलंट. पण लाल चिखल उडालेला असताना फडकं लावू नका. आधी पाण्याच्या जोराने तो उतरवा, मगच मिट. जांभ्याची ती माती सँडपेपरचंच काम करते.

दोन डब्यांची दुकानदारी? तुमचा राग अर्धा बरोबर आहे. वर्षभर दोन्ही लावायची गरज नाही. रोजची राखण सीलंटची. गणपतीला किंवा दिवाळीला गाडी दाखवायची असेल, तेव्हा धुऊन वरून कार्नोबाचा एक पातळ हात मारा; महिन्यात तो गेला तरी खालचा सीलंट जागेवर असतो. एका वेळी १० ते १२ ग्रॅम लागतो, म्हणजे २०० ग्रॅमचा डबा १५ वेळा तरी पुरतो. तुमच्याकडे आहे तोच वापरा, नवा घेऊ नका. फक्त त्यावर ‘क्लीनर वॅक्स’ असं लिहिलंय का ते पाहा. त्यात घासणारं द्रव्य असतं, ते खालचा सीलंट खरवडून काढेल.

सिरॅमिक कोटिंगचं (रंगावर घट्ट बसणारा कडक संरक्षक थर) तुम्ही जाता जाता विचारलंय. आंब्याखालची जागा बदलणार नसाल तर आत्ता नको. चिकटा त्याच्यावरही तसाच बसतो, आणि धुणं काही चुकत नाही.

राहिले बंपरच्या काळ्या प्लास्टिकवरचे पांढरे डाग. ते सुकलेलं वॅक्स आहे. ऑल पर्पज क्लीनर दहापट पाण्यात मिसळून जुन्या मऊ टूथब्रशने घासा आणि लगेच पाण्याने धुवा. पुढच्या वेळी सुरुवातीलाच त्या कडांवर मास्किंग टेप लावा.